रविवारचं पाणी

औरंगाबाद,
दि. २४ नोव्हेंबर १९९१

तीर्थरूप नाना व आत्याबाई यांच्या चरणी,
आशाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, निकाल लागला आणि मी शरीररचनेच्या पेपरात नापास झाले. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे नानांना चष्मा पुसून ओळीओळीत शोधायला नको. बाकीच्या विषयांत निभावलं. हा पेपर जानेवारीच्या अखेरीस पुन्हा द्यायचा आहे, आणि त्यातही उतरले नाही तर इथल्या नियमाप्रमाणे नर्सिंगच्या वर्गातून नाव कमी होतं. मग मी पुन्हा गावी, आणि तुम्ही चार लोकांचं ऐकून मला इथं पाठवलंत ते सगळं फुकट.

वर्गात सगळ्यांत थोरली मीच. बाकीच्या पोरी बारावी करून थेट आलेल्या. मी बारावीनंतर लग्न केलं, गोदू झाली, तुमचे चिरंजीव गेले, आणि मग आले. त्यांना हाडांची इंग्रजी नावं एकदा वाचली की येतात. मी सकाळी पाठ करते आणि कपडे धुवायला बसले की ती साबणाच्या पाण्याबरोबर वाहून जातात.

आमच्या ट्यूटर बाई केरळच्या आहेत. त्यांनी माझ्या पेपराखाली लाल शाईनं तीन इंग्रजी शब्द लिहिले, 'हँग इन देअर'. मी शब्दकोश काढला तर त्यात टांगणं, लटकणं असलं काहीबाही. मला रडूच फुटलं. खोलीतल्या मुली पोट धरून हसल्या आणि मग त्यांनी सांगितलं की इंग्रजीत असं म्हणायची रीत आहे, तग धर, सोडू नकोस, असा त्याचा अर्थ. अर्थ कळला, पण पटला नाही. धीर धर तर मला दहाव्याला आलेली प्रत्येक बाई सांगून गेली आणि जाऊन जेवायला बसली. नाना, तुम्ही कचेरीत इतकी वर्षं काढलीत. हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात की त्यात काही असतं, ते तुम्ही सांगा.

गोदूचा दात हलत होता, तो पडला का? ती कोणाजवळ झोपते? इथं भेटीची वेळ रविवारी असते. येत्या रविवारी तिला आणाल का?

कळावे. नापास सुनेवरही पहिल्याइतकाच लोभ ठेवावा.

आपली,
आशा


गंगापूर तालुका, मु. शेतवस्ती,
दि. १ डिसेंबर १९९१

चि. आशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोहोचले. नापास झाल्याची फिकीर करू नये. मला इंग्रजीचे विचारतेस, म्हणजे आंधळ्याला रस्ता विचारण्यापैकी आहे. माझी शाळा निजामाच्या वेळची, सगळी उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली आणि वर्षा-दोन वर्षांत कचेरीचा कारभार मराठीत आला, तेव्हा मिशा फुटलेला मी धाकट्या भावाच्या पाटीवर बाराखडी गिरवायला बसलो. साहेब रोज कागद परत फेकायचे. नोकरी सोडून औत धरावे असे ठरवलेही होते. शेजारच्या टेबलावर हैदर साहेब होते. त्यांनाही मराठीचे अक्षर येत नव्हते. पण कचेरी सुटली की ते घरी न जाता माझ्याजवळ बसून राहायचे. दोघे मिळून चुकायचो. अशाने दोघेही शिकलो. माझी जोडाक्षरे अजून उजवीकडून निघतात, ते तू पाहतेसच.

तुझ्या ट्यूटर बाई बागाईतदाराच्या घरच्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे. त्यांचे ते तीन शब्द म्हणजे आपल्या मोसंबीचा ताण. तू इतके बहार पाहिलेस, तरी पुन्हा सांगतो. बागेचे पाणी तोडायचे. झाड सुकते, पाने पिवळी पडतात, बघणाऱ्याचा जीव तुटतो. पण मध्येच दया येऊन कोणी पाणी सोडले की नुसता पाला फुटतो आणि बहार जातो. सोसले तर संक्रांतीनंतर पाण्याबरोबर अशी फुले लागतात की फांदी दिसत नाही. मी याच आठवड्यात पाणी तोडले आहे.

तेव्हा माझे ठरले. बाग ताणावर आणि तूही ताणावर. परीक्षा होईपर्यंत तू इकडे यायचे नाही, मी गोदूला तिकडे आणायचे नाही. ती आली की तू आठ दिवस पुस्तक उघडणार नाहीस, हे मागच्या खेपेला पाहिले. तुझ्या आत्याबाईंना हे पसंत नाही. त्या माझ्या ताटात भाकरी वाढतात, पण वाढताना माझ्याकडे बघत नाहीत. गोदू ठीक आहे.

कळावे. आशीर्वादाला पाणी लागत नाही, तो बारमाही आहे.

तुझा,
नाना


औरंगाबाद,
दि. १५ डिसेंबर १९९१

तीर्थरूप नाना व आत्याबाई यांच्या चरणी,
आशाचा शि. सा. न. वि. वि.

ताणाची गोष्ट वाचून हसू आलं आणि बळही आलं. खोलीतल्या पोरींना मी मोसंबीवर असं भाषण दिलं की त्या आता मला बागवानबाई म्हणतात. हाताची सगळी हाडं पाठ झाली. पायाकडं निघाले आहे.

ते तीन शब्द मात्र माझ्या तोंडात बसले आणि त्यांनी माझी फजिती केली. मेसमधल्या साळूबाई उन्हात पाय पसरून निवांत चटणी-भाकरी खात होत्या. मी जाता जाता थाटात म्हटलं, हँग इन देअर, मावशी. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला, टिकून राहा. त्या म्हणाल्या की मी तर आत्ता कुठं टेकले, मला उठवायला आलीस व्हय? हे मी ट्यूटर बाईंना सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी समजावलं की सुखानं बसलेल्याला हे म्हणत नाहीत, आणि हा हुकूमही नाही. ज्याचा हात सुटायला आला आहे त्यालाच म्हणायचं, आणि तेही मायेनं.

असा हात सुटायला आलेलं माणूस माझ्या वॉर्डातच होतं. उस्मानपुऱ्यातले शौकतभाई, सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. घराच्या पत्र्यावरून पडले, मणक्याला मार बसला, तेव्हापासून उताणे पडून आहेत. त्यांच्या पत्नी मुनिराभाभी दोन्ही वेळा डबा घेऊन येतात आणि चमच्यानं भरवतात. परवा त्या जिन्यात भिंतीला टेकून उभ्या दिसल्या. मी माझ्या मोडक्या हिंदीत त्यांना सांगितलं की टिके रहो, भाभी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं की कब तक, दीदी? त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या डबा उचलून आत गेल्या आणि मी तिथंच उभी राहिले. नाना, मीही त्या दहाव्याला आलेल्या बायांसारखीच निघाले, याची मला फार लाज वाटली. अशा वेळी काय म्हणावं?

तुमचा नियम पाळते आहे. पण तुमच्या पत्रात गोदूला दोनच शब्द मिळाले. बातमी म्हणजे काही पाणी नव्हे. तिच्या दाताचं तरी कळवा.

कळावे. लोभ आहेच, त्यात थोडा मजकूर वाढवावा.

आपली,
आशा


शेतवस्ती,
दि. २२ डिसेंबर १९९१

चि. आशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या बाईचा सवाल रास्त आहे. ताण किती दिवसांचा, हे पाणी तोडतानाच ठरवावे लागते. मी नोव्हेंबर सरताना पाणी तोडले तेव्हाच संक्रांत धरली होती. तारखेशिवाय दिलेला ताण म्हणजे झाड मारणे. तेव्हा तू डॉक्टरांना गाठ, तिच्या नवऱ्याला कधी उठवून बसवणार ते विचार आणि तिला जाऊन सांग. मग तुझे ते इंग्रजी शब्द तिच्या उपयोगी पडतील.

बाग पिवळी पडली आहे. शेजारचा रामकिसन बांधावर उभा राहून हळहळतो, म्हणतो की नानासाहेबांनी या साली बाग वाळवली. वाळवली नाही. मी रोज सकाळी एकेका झाडाखाली जातो. पानाची घडी पाहतो, बुडाची माती बोटाने उकरून ओल पाहतो. कोणाला किती सोसते ते मला त्यांच्या तोंडावरून कळते.

गोदू ठीक आहे. जास्त लिहीत नाही. लिहिले की तुझे मन इकडे धावेल. मी निष्ठुर आहे असे तुला वाटत असेल तर वाटो. बद्रीनाथ गेला त्या दिवशी मी मनाशी बोललो होतो की माझी सून कोणाच्या दारात हात जोडून उभी राहणार नाही, तिच्या हातात स्वतःची नोकरी असेल. तेवढ्यासाठी मी वाईट व्हायला तयार आहे.

कळावे. रागावलीस तरी माझा आशीर्वाद परत करू नकोस, पोस्ट तो घेणार नाही.

तुझा,
नाना


औरंगाबाद,
दि. २ जानेवारी १९९२

तीर्थरूप नानांस,
आशाचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की येत्या सोमवारी शौकतभाईंना पट्टा बांधून बसवणार. मी धावत जाऊन भाभींना सांगितलं. नाना, त्यांचा चेहरा बघायला तुम्ही हवे होतात. त्यांनी डब्यातली नानखटाई माझ्या तोंडात घातली आणि म्हणाल्या की सोमवारपर्यंत तर मी डोंगरसुद्धा उचलीन.

मी खोलीवर आले आणि ट्रंक काढून कपडे भरायला बसले.

असं का केलं, ते तुमच्यापासून लपवत नाही. गेल्या रविवारी मी फाटकाशी उभी होते. कोणी येणार नाही हे ठाऊक असून उभी होते. दुसऱ्यांची मुलं आयांच्या अंगावर चढत होती. मी गोदूचा आवाज आठवायला गेले आणि तो मला नीट आठवेना. मी घाबरले, नाना. हाडांची नावं विसरले तर पुस्तकात सापडतील. हा कुठं शोधू?

तुम्ही मुनिराभाभींना तारीख मिळवून दिलीत. माझी तारीख परीक्षेची आहे, ती माझ्या लेकीच्या भेटीची नाही. तुम्ही रोज सकाळी बागेत जाता, झाडांची तोंडं पाहता. माझं तोंड नोव्हेंबरपासून कोणी पाहिलं आहे? आणि हैदर साहेबांनी तुम्हांला पत्रातून धीर दिला नव्हता. ते कचेरी सुटल्यावर शेजारी येऊन बसत होते.

तुमचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. पण मला आता सोसत नाही. संक्रांत झाली की मी गंगापूरच्या गाडीत बसते. परीक्षा देणार नाही. शिवणयंत्र चालवीन, अंगणवाडीत बघीन, काहीही करीन. आत्याबाईंना वेगळं सांगायला नको. त्या मला ओळखतात.

कळावे. माझा राग आला तरी लोभ तोडू नका, मला दुसरं माहेर नाही.

आपली,
आशा


शेतवस्ती,
दि. ७ जानेवारी १९९२

आशाला सारजाबाईचा लई आशीर्वाद.

शाळंतल्या शमशादबाई लिवत्यात आन् म्या बोलती. अक्षर त्येंचं, जीभ माझी. नानाला ह्यो कागद ठावं नाय.

तुजं पत्र आलं. नानानं वाचलं, घडी घातली आन् टोपीत ठिवलं. मला सांगंनात. म्या इचारलं तर म्हनले, कायी नाय, अभ्यास चालू हाय. माणूस खोटं बोलाया लागला की कान खाजवतो. मंग न्हाणीत गेले तवा म्या टोपी झाडली आन् शमशादबाईकडून वाचून घेतलं.

आता काल काय झालं ते ऐक. हौदाजवळच्या बांधावर ते खुरटं झाड हाय ना, सारी बाग पिवळी आन् ते एकलं हिरवंगार. नाना चक्रावले. पाट फुटला का, उंदरानं बीळ केलं का, म्हनून सकाळी लवकर बघाया गेले. मागं म्या. तर तुजी लेक तिथं. फुलपात्रानं हौदातलं पानी काढती, झाडाच्या बुडाशी वतती, पुन्यांदा जाती. किती दिसांपासून खेपा घालती कुनाला ठावं. आन् झाडाला समजावती की थांब हां, रडू नगं, रविवारी पानी येनार हाय.

रविवार तिच्या डोस्क्यात नानानंच घातला. तुजी आई कवा येनार म्हनून ती लई रडायची, तर हे म्हनायचे की रविवारी. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आता पोरगी इचारीतच नाय. दात पडला तरी रडली नाय, मुठीत धरून बसली. इचारीत नाय, ह्येचंच मला भ्या वाटतं.

नाना तिला रागावतील म्हनून म्या फुडं झाले. तर ते रागावले नायत. तसंच मागं फिरले. दुपारी ताटावर बसले आन् उठले. मला म्हनले की सारजे, म्या ह्या लेकराला खोटी तारीख दिली. इतक्या वर्सांत त्येंच्या डोळ्याला पानी म्या दोनदाच बघितलं. एक बद्री गेला तवा, आन् दुसरं काल.

ट्रंक भरली असशील तर भरलेली ऱ्हाऊ दे, पर उचलू नगं. चार दिस दम खा.

तुजी सासू कमी आन् आई जास्त,
सारजाबाई

(सारजाबाई बोलल्या तसंच लिहिलं आहे. माझाही नमस्कार. शमशाद)


शेतवस्ती,
दि. ८ जानेवारी १९९२

चि. आशास,
आशीर्वाद कमी आणि माफी जास्त. वि. वि.

हे पत्र पोस्टात न टाकता कंडक्टर पुंजारामच्या हाती देत आहे. त्याने आज संध्याकाळपर्यंत ते हॉस्टेलवर पोचवायचे कबूल केले आहे. टोपीतले पत्र कोणी वाचले ते मला कळले आहे. टोपी उलटी टांगलेली होती.

झाडाला ताण देता येतो, कारण मी रोज त्याच्याजवळ जातो. तुला ताण दिला आणि गेलो नाही. भीत होतो. तू रडली असतीस तर मी तुला त्याच गाडीने घरी आणले असते, हे मला ठाऊक होते. म्हणून गेलोच नाही आणि त्याला शिस्त म्हणत बसलो. गोदूने मला माझा धंदा शिकवला.

बागेचे पाणी संक्रांतीलाच सुटेल, त्यात बदल नाही. तुझे त्याआधी सुटेल. येत्या रविवारी, १२ तारखेला, पहिल्या गाडीने गोदूला घेऊन येतो. त्यानंतर परीक्षेपर्यंत प्रत्येक रविवारी येतो. आल्यावर तू म्हणालीस तर ट्रंक मी माझ्या हाताने गाडीच्या टपावर चढवीन आणि वाटेत एका शब्दाने बोलणार नाही. नको म्हणालीस तर रिकाम्या हाताने परत फिरेन. निकाल तुझा.

गोदूचा दात पडला आहे. खालचा, मधला. ती माझ्याजवळ झोपते आणि झोपेत लाथा मारते. तिला आता पंचवीसपर्यंत आकडे येतात, पण अठरा गाळते. भरीत आवडत नाही. तुझ्या खाटेवर कोणाला बसू देत नाही. हे सगळे आधीच लिहायला हवे होते.

शमशादबाईंकडून तुझे ते तीन शब्द इंग्रजीत गिरवून घेतले. ती अनोळखी अक्षरे काढताना हाताला जड गेले. मी समजत होतो की ते ज्याला सांगायचे, काम त्याचे. सांगणाऱ्यालाही गाडी धरावी लागते, हे आता समजले. म्हणून आज पहिल्यांदा लिहितो. रविवारपर्यंत, आशा, हँग इन देअर.

तुझा,
नाना


औरंगाबाद,
दि. १ मार्च १९९२

तीर्थरूप नाना व आत्याबाई यांच्या चरणी,
आशाचा शि. सा. न. वि. वि.

पास झाले. पुन्हा लिहिते, पास झाले. ट्यूटर बाईंनी या खेपेला पेपराखाली काही लिहिलं नाही, नुसतं माझ्याकडं बघून मान हलवली. आत्याबाई, तुम्ही देवापुढं ठेवलेली साखर आता सगळ्या वस्तीला वाटा, रामकिसनभाऊंना जरा जास्त द्या. मागच्या रविवारी नानांच्या सदऱ्याला मोसंबीच्या फुलांचा वास येत होता. माझ्या खोलीतल्या पोरी विचारत होत्या की तुझे सासरे अत्तर लावतात का.

शौकतभाई काठी टेकून दारापर्यंत चालत गेले. भाभी मागं डबा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी आधार दिला नाही, फक्त जवळ राहिल्या. आणि आमच्याकडं पैठणकडची एक नवी मुलगी आली आहे, ती आल्यापासून रडते. माझ्या तोंडावर ते शब्द आले होते, पण मी आधी तिच्या घरचे कधी येणार ते विचारलं. मग तिच्या खाटेवर बसून हाताची हाडं तिच्याकडून म्हणून घेतली. ती जरा हसली तेव्हा म्हटलं. ते आता मला नीट म्हणता येतं, असं वाटतं.

कळावे. लोभ दर रविवारी येतोच आहे, त्याची गाडी चुकू देऊ नये.

आपली,
आशा

ता. क. नाना, त्या पहिल्या रविवारी तुम्ही फाटकाशी येऊन ट्रंक आणू का म्हणून विचारलंत आणि मी नको म्हटलं. तुम्ही कारण विचारलं नाहीत, ते आज सांगते. त्याआधी तुम्ही वॉर्डन बाईंशी बोलायला आत गेला होतात. गोदू माझ्याकडं येईना. बाकाच्या पार टोकाला जाऊन बसली आणि परक्या बाईकडं बघावं तशी बघत राहिली. मला वाटलं, झालं, फार उशीर झाला. मग तिनं तुमच्या पिशवीतून फुलपात्र काढलं, अंगणातल्या नळावर गेली आणि दोन्ही हातांत धरून भरून आणलं. अर्धं फ्रॉकवर सांडलं होतं. ते तिनं माझ्या तोंडाशी धरलं आणि मला सांगितलं की पी, आज रविवार आहे.